सुटी फळं

"ट्रकात बसा गं बायांनो! दुपारी मॅनेजर येतोय!" सुकर्दी मुकादम कॉफीच्या टपरीसमोर गळा ताणून ओरडत होता. एक बाई जागची हलेल तर शपथ! सगळ्या वागियेमभोवती जमलेल्या, आणि वागियेमचं तोंड सुटलेलं.

पामतेलाच्या मळ्याची रीतच तशी. गडी लांब काठीच्या कोयत्यानं घड पाडणार आणि खाली सांडलेली सुटी फळं त्याची बायको वेचणार. फुकट! हजेरीत तिचं नाव नाही की हाताला मोजे नाहीत. पण फळं मागं राहिली, तर ठपका मुकादमावर.

"मी समदीकडं राबलेय," वागियेम म्हणाली. "वीटभट्टीत धुरानं छाती भरली, पर मालक प्यायला पाणी तरी द्यायचा. हाजीच्या रबराच्या बागेत अंधारात उठावं लागतं, डास फोडून खात्यात. पर ऊन तापायच्या आत मोकळी, आन् माझी मजुरी माझ्या हातात. आन् ह्यो? माझ्या नवऱ्यानं, कासिमाननं, काट्यापासनं डोळं राखायला चष्मा मागितला, तर म्हणतो, वर बघू नगंस! वर न बघता घड पाडायचा कसा रं, मुडद्या? एका डोळ्यात काटा गेला, दुसरा त्याच्या मागनं गेला."

"नशीब त्याचं, वहिनी. मी काय करणार?"

"वहिनी म्हणू नगंस मला! आजचा दिवस हेरून ठिवला व्हता मी. घड पाडून झाल्यात, सायेब यायचाय. बायांनो, हाजीशी बोलून आलेय. येईल तिला काम हाय."

टपरीवाली तुमिनाह कचरली. "माझा नवरा याच्या हाताखाली हाय गं. त्याला काढलं म्हंजी?"

"मग घड कोण पाडील? ह्यो पोटल्या?"

बाया खदखदून हसल्या आणि पदर खोचून रबराच्या वाटेला लागल्या. तुमिनाहनंही टपरीला फळी लावली. नाक दाबल्याबिगर तोंड उघडत नाही, हे त्यांना आता पटलं होतं.

वागियेम मात्र मळ्याच्या बांधावर जाऊन बसली. मॅनेजर आला. झाडाझाडाखाली लालभडक फळांचा सडा बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं रिकामं पोतं उचललं आणि मुकादमाच्या पायाशी टाकलं. सुकर्दीनं आधी इकडं-तिकडं बघितलं. मग टेकला खाली. काटे बोचले की हाय हाय करायचा! वागियेमच्या काळजात असं गार वाटलं म्हणता! मन भरून बघून ती उठली.

घरी कासिमान चाचपडत बुट्टी विणत होता.

"वाकला?"

"गुडघ्यावर. चिखलात."

त्यानं बुट्टी बाजूला सारली आणि तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"सावकाश सांग. काय बी गाळू नगंस. मला समदं बघायचंय."