मासेमाराच्या घरची करवंदीची जाळी

मी एक जुनी जाळी आहे. हसू नका मित्रांनो, मासे धरायची नव्हे, करवंदीची! पण माझे आयुष्य गेले ते मासेमाराच्याच घरी. कारध्याला, वैनगंगेच्या काठी, बुधरामच्या परसात. पंचाहत्तर सालच्या पावसाळ्यात त्याच्या बायकोने, रेवताबाईने, सरपणाला गेली असताना रानातून माझे रोप उचलून आणले आणि जांभळाच्या दाट सावलीत लावले. मासे धुतलेले पाणी ती रोज माझ्या बुडाशी ओतायची. मी चांगली फोफावले. पण चार उन्हाळे गेले तरी एक फूल नाही!

रेवताबाईची सासू सखाबाई मला अगदी पाण्यात पाहायची. काटे आणि चीक असलेले झाड घरात भांडणे लावते, असे तिचे ठाम मत. भांडणे तीच काढायची, नाव मात्र माझे.

एकदा बुधरामने ओले जाळे माझ्यावरच वाळत घातले. संध्याकाळी काढताना हिसका दिला आणि जाळे टर्रकन फाटले. संतापून तो कुऱ्हाडच घेऊन आला. माझे तर पान न् पान गळाठले.

“तोड तिले!” सखाबाई ओरडली. “ना फूल, ना फळ. कायले ठेवता?”

रेवताबाई आडवी उभी राहिली. “काट्यावर जाळं वाळू घालते काय जी कोणी? अन् ऊनच नाही लागून राहिलं तिले, त फळ कोठून येईन? कुऱ्हाड आणलीच आहे त वर चालवा ना!”

बुधरामने वर पाहिले. मग तो जांभळावर चढला आणि माझ्यावर ओणवलेली जाड फांदी त्याने उतरवली. फाटलेले जाळे रेवताबाईने विणून दिले.

पुढच्या फाल्गुनात मी पांढऱ्या फुलांनी भरून गेले. काय तो माझा थाट! हिरवी करवंदे ठेचून रेवताबाईने माशांच्या रश्श्यात घातली. सखाबाईने ताट पुसून खाल्ले. करवंदे पिकून काळी झाली तेव्हा गावची पोरे वाट्या घेऊन परसात जमली. राखणीला काठी घेऊन कोण बसले होते सांगू? सखाबाई!

“आमची करवंदी हाय. फांदी मोडाल त याद राखा!”

आमची म्हणाली ती! मित्रांनो, त्या दिवशी मी जिंकले.

तुमच्याही परसात एखादे झाड असेच मुके उभे असेल. त्याला नावे ठेवण्याआधी मान वर करून बघा, त्याचे ऊन कोणी अडवले आहे.