मागच्या बाजूची खोली

हॉस्पिटलात तिला सगळे चादरबाई म्हणत. धुलाई विभागाची ती मुख्य. घडी पुरती उलगडायच्या आत तिला डाग दिसायचा. अजून पन्नाशी गाठली नव्हती, आणि निवृत्तीला चांगली नऊ वर्षं असताना तिने राजीनामा देऊन टाकला होता. मेट्रनबाईंनी मात्र तो वर न पाठवता ड्रॉवरमध्ये टाकला. "आधी घरच्यांबरोबर फिरून ये. शुक्रवारी सकाळी फोन करते, तेव्हा सांग, पाठवू की फाडू."

आज शुक्रवार होता.

नवरा पाणीखात्यात मीटर रीडर. तो गेल्या वर्षीच नोकरीतून बाहेर पडला होता आणि पुढच्या आयुष्याचा हिशेब त्यानेच जुळवला होता. वर्षभर घराने सराव केला: तिचा पगार येतच नाही असं समजून त्याच्या पेन्शनवर राहायचं. पगार बँकेत तसाच पडून. सराव झकास जमला. पण तो सराव होता, खाली जाळी बांधून दोरीवर चालल्यासारखा. आता जाळीच काढायची म्हटल्यावर ती भीतीने रात्री उठून पासबुक बघायची. लेकीचं कॉलेज अजून संपायचं होतं.

सरावाने सगळ्यांना एक खोड मात्र लावली. कुठेही गेलं की स्वस्तातलं मागायचं, आणि ते स्वस्त का, हे विचारायचं नाही. इथे फिरायला आल्यावर हॉटेलातही नवरा म्हणाला, "सगळ्यात स्वस्त खोली." काउंटरवरचा म्हणाला, "मागच्या बाजूची आहे." नवरा, ती, लेक आणि सासूबाई, चौघांनीही मनात धरलं, मागे भिंत असणार. पडद्याला कुणी हातसुद्धा लावला नाही. दोन दिवस धापा टाकत टेकडीवर जाऊन आले. बर्फाचा डोंगर बघायला आलेल्यांना धुकं बघायला मिळालं.

"पिंजलेल्या कापसात उभं राहायला एवढ्या लांब आणलंस होय रे?" सासूबाईंनी मुलाला विचारलं होतं.

सकाळी चादरबाई पलंगावरची चादर ताणून कोपरे बसवत होती.

"आई, हॉटेलची चादर आहे ती," लेक पांघरुणातून म्हणाली. "तुझी ड्यूटी नाहीये."

"सुरकुती सुरकुतीच असते. ऊठ."

सासूबाई धुतलेला हातरुमाल घेऊन खिडकीपाशी गेल्या. "दांडी तरी असेल इथे, वाळत घालते." त्यांनी पडदा ओढला आणि "अगं बाई!" म्हणून मटकन खुर्चीत बसल्या.

खिडकीत आभाळ नव्हतंच. होता तो डोंगर. चादरबाईने मान वर केली, आणखी वर केली. जिथे ढग सुरू झाला असं वाटलं तिथेही डोंगरच होता. सगळा पांढरा, आणि माथ्यावर नुकतंच ऊन टेकलेलं. आयुष्यभर तिने पांढरं हाताळलं होतं, मोजलं होतं, उकळलं होतं. हे पांढरं कुणी धुतलं नव्हतं. डोळे सवयीने डाग शोधायला लागले. सापडलाही, एक काळा कडा. त्या कड्यात अख्खं हॉस्पिटल मावलं असतं.

नवरा चष्मा शोधत राहिला. तो कपाळावरच होता.

बादली घेऊन सफाईवाली आत आली. चौघांच्या पाठी बघून हसली. "पुढच्या खोल्यांतून बाजार दिसतो ना, म्हणून त्यांना भाव. हा काय, रोजचाच."

"रोजचा?" चादरबाईचा आवाज चिरका निघाला. "आणि परवा? काल?"

"इथेच होता की. पहाटे धुकं नसतं. तुमचा पडदा बंद."

फोन वाजला. ती हलेना. दोनदा वाजल्यावर सासूबाईंनी उचलला. "हॅलो. हो, आहे, पण आत्ता कामात आहे. काय काम? बघतेय."

तिने फोन घेतला. "बाई, पाठवा."

"नक्की ना? पैशाचं नीट बघितलंस?"

"वर्षभर तेच बघितलंय." भीती होतीच, पण त्या डोंगरापुढे हरभऱ्याएवढी. "बाई, हा दोन दिवस इथेच होता, पडद्यामागे, आणि आम्ही…"

"कोण होता? हॅलो?"

"सरक गं जरा," सासूबाई म्हणाल्या. "मलाही दिसू दे."