पिशवीतला हात

रेणुकानं पातळ प्लास्टिकच्या पिशवीत उजवा हात घातला, मनगटाशी पिशवी आवळून धरली आणि पिवळ्या बॉनेटवरून बोटं सरकवली. मधोमध हात लोण्यावरून जावा तसा गेला. डाव्या चाकाच्या वर मात्र खरखरला, रव्यावरून फिरावा तसा. म्हणजे इथंही राहिलं होतं.

आत्ता नवऱ्याला, परमेश्वरला, खरं सांगून टाकलं तर आपल्याला काय मिळेल, याचा हिशेब तिनं पूर्वीच करून ठेवला होता. दुपारची वेळ परत मिळाली असती. एकच काम दोनदा होणं थांबलं असतं. भाकरी उभ्यानं, एका हातानं खावी लागायची, ती बसून खाता आली असती. इतकी मिळकत समोर दिसत असताना जी बाई गप्प बसते, तिला व्यवहार कळत नाही असं कोणीही म्हणेल. रेणुकाला तो चांगला कळत होता. पण खर्चाच्या बाजूला परमेश्वरचा उतरलेला चेहरा होता, आणि त्यापुढं बाकी सगळी मिळकत तिला चिल्लर वाटायची.

परमेश्वर केदारखेड्याचा. आजोबांपर्यंत घरात मेंढ्या होत्या. पाठीवर हात फिरवून लोकर उतरायला आली का, हे सांगणारी माणसं. तो मात्र पुण्यात सात वर्षं महागड्या गाड्या चमकवायला शिकला आणि जालन्यात भोकरदन नाक्याच्या पुढं पत्र्याचं शेड टाकून बसला. शेवटचं वॅक्स तो स्पंजनं लावायचा नाही. तळहातावर घ्यायचा आणि अंगाच्या उबेनं रंगात मुरवायचा. संभाजीनगरहून लोक गाड्या आणायचे. ‘परमेश्वराचा हात लागला, आता काय पाहायचं!’ असं म्हणून गिऱ्हाईक स्वतःच हसायचं, आणि परमेश्वर दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा लाजायचा.

त्या हाताच्या बोटांना आता काही कळत नव्हतं. शुगरनं नेलं. दीड वर्षापूर्वी त्यानं चुलीवरचं आधणाचं पातेलं चिमट्याशिवाय उचललं, सावकाश ओट्यावर ठेवलं आणि तिच्या तोंडाकडे पाहून विचारलं, "गरम व्हतं का?" पुढं त्यानं काही सांगितलं नाही आणि तिनं काही विचारलं नाही.

पण गाडीचं काम बोटांवरच चालतं. जालन्याच्या पोलाद कारखान्यांतल्या भट्ट्यांचा लोखंडाचा कीस हवेतून येऊन रंगात रुततो. डोळ्याला तो दिसत नाही, बोटालाच लागतो, आणि पातळ पिशवीतून तर जास्तच. क्लेची चिकट वडी पाण्यावर फिरवून तो काढायचा आणि मगच वॅक्स चढवायचं. परमेश्वरच्या हातून जागा सुटू लागल्या. म्हणून तो डबा घेऊन शेजारी भारतच्या पंक्चरच्या दुकानात जेवायला गेला की रेणुका पिशवी घालायची, सुटलेली जागा हुडकायची, क्ले फिरवायची आणि आपल्या तळव्यानं पुन्हा वॅक्स लावून, जिथलं कापड तिथं ठेवून मोकळी व्हायची.

आजची गाडी राधेश्याम शेठची होती. दोन दारांची, जर्मनीची, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली. शेठ मूळचे हसनाबादचे, आता जालन्यात बियाण्यांचा धंदा. त्यांच्या मित्रमंडळींत असल्या आणखी सहा गाड्या होत्या, आणि त्या कायमच्या इथं यायच्या की पुण्याला जायच्या, हे आजच्या कामावर ठरणार होतं. शेठ चारला येणार होते.

दीडला आले.

"काय वहिनी, नवरी झाली का तयार?"

रेणुकानं पिशवी मुठीत चुरगाळली. "चार म्हणले होते ना शेठ?"

"चार म्हणलं की लोक साडेतीनला हात चालवतात. म्हून दीडला आलो. बियाणं पेरल्यावर तपासून काय फायदा?"

परमेश्वर शेजारून तोंड पुसत, घाईघाईनं आला. शेठनी खिशातून बियाण्याच्या नमुन्याची पारदर्शक पिशवी काढली, फुंकर मारून उघडली आणि तिच्यात हात घातला.

"ही विद्या तुमचीच, परमेश्वरराव. डोळा फसतो, पिशवी फसत न्हाई."

डोळे मिटून ते गाडीभोवती फिरले. दार, टप, मागचा पंख. मान हलत होती. रेणुका डाव्या चाकाला टेकून उभी राहिली.

"वहिनी, जरा सरका."

ती सरकली. हात आला आणि थांबला. मागं गेला, पुन्हा आला, पुन्हा तिथंच थांबला. शेठनी डोळे उघडले.

"हे काय?"

"ते माझ्याकडं होतं," रेणुका पटकन म्हणाली. "ह्यांनी बजावून सांगितलं होतं. मीच इसरले. ह्यांची चूक न्हाई त्यात."

शेठ तिच्याशी बोललेच नाहीत. पिशवीतून हात काढत त्यांनी परमेश्वरकडे पाहिलं. "मी परमेश्वररावच्या हाताचे पैसे देतो. बायकोकडून करून घ्यायची व्हती, तर तसं सांगायचं."

"बायकोकडूनच करून घेऊन राह्यलो," परमेश्वर म्हणाला.

बाहेर एक ट्रक नाक्याकडे गेला. तो गेल्यावर परमेश्वरच पुढं म्हणाला,

"दीड वर्ष झालं, शेठ. रेती हाय का रेशीम, बोटाला बिलकुल कळत न्हाई. तुमची गाडी मागं दोनदा आल्ती ना? दोन्ही टायमाला हिनंच पास केली."

रेणुकाच्या हातातली पिशवी करकरली. "तुम्हाला कोण बोललं?"

"बोलायला कशाला पाह्यजे? मला कळत न्हाई, आन् गाडी तर एकबी परत आली न्हाई. मंग करून कोण राह्यलं? भारत? तो तर माझ्यासमोर बसून माझीच भाजी खातो."

"मंग तुम्ही जेवायला..."

"दोन भाकरीला सव्वा तास लागतो का माणसाला? भारत म्हणतो, घरी भांडण हाय का."

तिनं पदर खांद्यावर ओढला, पुन्हा सोडला, पुन्हा ओढला. मग क्लेची वडी उचलून मळायला लागली. "एकदा तरी तोंड उघडायचं," ती वडीला म्हणाली.

"तू उघडलं का?"

शेठनी दोघांकडे पाहिलं, मग प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली. "किती टाइम लागंल वहिनी?"

"अर्धा तास."

"बसतो मंग. पाहू द्या तरी, इतके दिवस कोणाच्या हाताचे पैसे देऊन राह्यलो ते."

रेणुका वाकली. परमेश्वर फवाऱ्याची बाटली घेऊन तिच्या बाजूला उभा राहिला. ती हनुवटीनं दाखवेल तिथं तो पाणी मारायचा. वडी आधी अडखळत गेली, मग सरकू लागली, मग तिचा आवाजच बंद झाला. तिनं जागा पुसून कोरडी केली. त्यानं डबी उघडली, अंगठ्यानं वॅक्स उचललं आणि तिच्या तळव्यावर ठेवलं.

"येवढं न्हाई. कमी."

हा धंदा तिला त्यानंच शिकवला होता. त्यानं मुकाट्यानं निम्मं परत घेतलं. तिचा तळवा गोल गोल फिरत राहिला, आणि तो त्या तळव्याकडे असा बघत होता, जसा कोणी परगावच्या उस्तादाकडे बघतो.

शेठनी पुन्हा पिशवी घातली, पुन्हा डोळे मिटले. या वेळी हात इतका सहज गेला की बॉनेट संपल्यावर हवेत गेला.

"सोमवारपासून एकेक गाडी पाठवतो," ते म्हणाले. मग धंदेवाईक माणूस जागा झाला. "पण दर तोच का? कारागीर तर बदलला."

"बदलला कुठं? दीड वर्ष हीच हाय," परमेश्वर म्हणाला. "दर वाढवायचा राह्यला, बस."

शेठ खो खो हसले. घासाघीस केली नाही.

पावतीवर सगळ्यात खाली ‘कारागीर’ अशी एक ओळ होती. पावत्या रेणुकाच फाडायची, आणि त्या ओळीवर परमेश्वरचं नावही तीच लिहायची. आज तिनं तारीख घातली, रक्कम घातली आणि पेन उचलून धरलं. परमेश्वर पाठमोरा, नळाखाली हात धुवत होता. बराच वेळ धुवत होता.

"तुझं लिही," तो न वळता म्हणाला.

तिनं लिहिलं. बँकेत लिहितात तसं पूर्ण लिहायला घेतलं: आधी रेणुका, मग परमेश्वर. ओळ तिथंच संपली, आडनावाला जागा उरली नाही.

शेठनी पावती वाचली, पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि गाडी सावकाश बाहेर काढली. त्या दुपारी त्या शेडमध्ये ज्यांना नुसते पैसे भरून सुटता आलं, असे ते एकटेच; बाकी दोघांचा एकमेकांशी हिशेब अजून उरला होता.