टिबेट्स पूल

"आपला पूल कधी येणार?" व्हर्ना टिबेट्सने शेजारी बसलेल्या मॉरीनच्या कानाशी लागून विचारलं.

"येऊन गेला."

"कधी?"

"मघाशी. तुम्ही पर्समध्ये डोकेदुखीची गोळी शोधत होतात ना, तेव्हा."

व्हर्ना तिच्याकडे बघतच राहिली. लष्कराच्या वर्षाच्या खर्चाचं विधेयक समितीत पक्कं व्हायचा तो दिवस होता. वॉशिंग्टनमधल्या त्या उंच छताच्या दालनात खासदार अर्धगोलात बसले होते. कोणी फोनमध्ये डोकं घातलं होतं, कोणी शेजाऱ्याशी हसत होतं. मिसूरीहून ही बाई केस कापायचं दुकान बंद ठेवून, नवा निळा ड्रेस घेऊन, बसमध्ये अंग आंबवत इथवर आली होती. आणि ज्यासाठी आली ते काम गोळी सापडायच्या आत उरकलंही होतं.

मॉरीन ड्रेसलर ही खासदार क्लेटन होबार्ट यांच्या कचेरीतली. लष्कराचं विधेयक हे तिचं खातं, आणि त्यातच तिचे केस पिकले होते. तिने हलक्या आवाजात समजावलं, "किरकोळ दुरुस्त्यांचा गठ्ठा करतात. अध्यक्ष नुसते क्रमांक वाचतात आणि म्हणतात, हो म्हणा. सगळे हो म्हणतात. आपली त्या गठ्ठ्यात होती."

"वेसचं नाव कोणी घेतलंच नाही."

"तेच बरं असतं. ज्याचं नाव निघतं त्यावर चर्चा होते, आणि चर्चा झाली की ते मेलंच म्हणून समजा." बोलून गेल्यावर मॉरीनने जीभ चावली.

वेस्ली, म्हणजे वेस, हा व्हर्नाचा एकुलता एक मुलगा. फोर्ट हॅडलीच्या छावणीत शिपाई होता, हुद्दा स्पेशालिस्ट. छावणीच्या मागच्या बाजूला, सरावाच्या मैदानाकडे जाणारा रस्ता पँथर ओढ्यात उतरतो आणि पलीकडे वर चढतो. तिथे पूल नाही; काँक्रीटचा आहे तो लांब, वळसा घालून. एरवी पाणी चाकाच्या निम्म्याला लागतं. वरच्या डोंगरात पाऊस झाला की मात्र तो ओढा ओढा राहत नाही. एका एप्रिलात वेसचा ट्रक त्यात उतरला आणि उलटा होऊन खाली सापडला. त्याच्या आधीही दोन ट्रक गेले होते. छावणीवाले वर्षानुवर्षं पूल मागत होते आणि वरून वाटाण्याच्या अक्षता मिळत होत्या.

मुलगा परत मिळणार नाही एवढं व्हर्नाला कळत होतं. तिचं मागणं एकच होतं. पुन्हा कुणाच्या पोराने त्या पाण्यात उतरू नये. त्यासाठी ती तीन वर्षं होबार्टसाहेबांचा उंबरठा झिजवत होती. नावाची कल्पना मॉरीनची. "नुसता पूल कोणी बघत नाही. हुतात्म्याचं नाव लावलं की कोणाची टाप आहे नाही म्हणायची?" असं ती म्हणाली होती. म्हणून दुरुस्तीत दोन कलमं झाली: एक, पूल बांधावा, दोन, त्या जागेला स्पेशालिस्ट वेस्ली टिबेट्स पूल म्हणावं.

डिसेंबरात विधेयकावर सही झाली. हार्लो हे छावणीच्या फाटकाबाहेरचं गाव, आणि तिथे बातमी लपून राहत नाही. व्हर्नाच्या दुकानात बायकांनी केक आणला. वर साखरेचा पूल होता. सार्जंटची बायको रोझॅन डोक्याला रंग लावून बसली होती, ती तशीच उठून नाचली.

"टोल घेणार का ग आता पुलावर?"

"तुझ्याकडून दुप्पट. तुझा नवरा गाडी कशी हाकतो बघितलंय मी."

त्या दिवशी व्हर्ना पोटभर हसली आणि मग आत जाऊन टॉवेलांच्या कपाटाशी उभी राहून रडली. वेस गेल्यावर पहिल्यांदाच तिला वाटलं, की आपल्या हातून काहीतरी झालं.

वसंत आला. ओढ्यावर ना खांब, ना खडी, ना माणूस. व्हर्नाने मॉरीनला फोन लावला.

"परवानगी आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, व्हर्ना," मॉरीन म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. हे वाक्य तिने आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल कोण जाणे. "आमच्या समितीने म्हटलं, पूल बांधायला हरकत नाही. पैसे सोडते ती दुसरी समिती. तिच्या यादीत पूल आला नाही."

"म्हणजे जेवायला या म्हणायचं एका घराने आणि ताट वाढायचं दुसऱ्याने?"

"तसंच."

"आणि दुसऱ्या घराला कुलूप."

"कुलूप नाही हो. तिथे आधीच पंगत बसलेली असते. यंदा विमानं वाढवली. हवाई दलाने मागितली त्याच्यापेक्षा जास्त. ती ज्यांच्या जिल्ह्यात बनतात ते खासदार त्या समितीत आहेत."

"मग तुमची समिती काय करते, मॉरीन?"

"परवानगी देते."

"मला परवानगी नको होती. मला पूल हवा होता."

मग मॉरीन म्हणाली, की अजून एक रस्ता आहे. पुढच्या महिन्यात बांधकाम खात्याचा जनरल समितीसमोर येतो. त्या ओढ्याचा धोका किती, याचा अहवाल द्यायचं कायद्यातच लिहिलं होतं आणि त्याने तो दिलेला नाही. साहेब त्याला भर समितीत विचारतील. तुम्ही या.

व्हर्ना पुन्हा बसमध्ये बसली. या वेळी ड्रेस जुनाच होता.

प्रत्येक खासदाराला प्रश्नासाठी पाच मिनिटं असतात. समोर दिवा असतो. हिरवा, पिवळा, लाल. होबार्टसाहेबांची पाळी आली तशी व्हर्ना खुर्चीच्या काठावर सरकली. साहेबांनी आधी जनरलच्या देशसेवेबद्दल आभार मानले. मग आपल्या जिल्ह्यातल्या लोकांच्या देशभक्तीबद्दल बोलले. मग आवाज जड करून म्हणाले, "आज आपल्यात एक आई आहे." आणि त्यांनी व्हर्नाला उभं केलं. सगळ्या दालनाने टाळ्या वाजवल्या. जनरलनेही मागे वळून वाजवल्या. टाळ्या थांबेनात. व्हर्ना मात्र दिव्याकडे बघत होती, आणि तो पिवळा झाला होता. अरे, पुरे करा, तिच्या मनात आलं, वेळ संपतोय. पण टाळ्या वाजवणाऱ्यांना गप्प बसा कसं म्हणायचं?

"तर जनरल," साहेब म्हणाले, "त्या अहवालाचं काय?"

"खासदारसाहेब, तो विषय आम्ही अत्यंत गांभीर्याने..."

दिवा लाल झाला.

"वेळ संपला," अध्यक्ष म्हणाले. "उत्तर लेखी द्यावं."

"आनंदाने," जनरल म्हणाला.

बाहेरच्या बोळात होबार्टसाहेबांनी व्हर्नाचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते आणि तेच तिला सर्वांत जास्त झोंबलं. लबाड माणसाला शिव्या तरी घालता येतात. हा माणूस मनापासून रडला होता आणि मनापासूनच पुढच्या बैठकीला निघून गेला. मॉरीन त्यांच्यामागे जाता जाता थांबली. "कॉफी घेणार?" तिने विचारलं. व्हर्ना नको म्हणाली.

लेखी उत्तर आलं नाही. आलं ते वेगळंच. ऑगस्टमध्ये छावणीच्या कर्नलचा फोन आला, अगदी अदबीचा. पुलाचं नामकरण आहे, आपण यावं.

"पूल झाला?" व्हर्नाच्या हातातली कात्री तशीच राहिली. खुर्चीतल्या बाईचे केस एका बाजूने कापायचे राहिले होते.

"नाही मॅडम. पण नाव देण्याचं कलम वेगळं आहे. त्याला पैसे लागत नाहीत. ते या वर्षाच्या आत अमलात आणणं आम्हाला बंधनकारक आहे."

बँड होता. पाद्री होता. पाटीवरचा कपडा व्हर्नाच्या हाताने काढवला. हिरव्या पाटीवर पांढरी ठळक अक्षरं: स्पेशालिस्ट वेस्ली टिबेट्स पूल. पाटीच्या खाली रस्ता उताराने गेला होता आणि पाण्यात शिरला होता. कोणीही त्या बाजूला बघत नव्हतं. लोक इतक्या शिस्तीने एखादी गोष्ट न बघता राहू शकतात हे व्हर्नाला तेव्हा कळलं. तशीच एक पाटी मोठ्या रस्त्याच्या फाट्यावरही लावली होती, बाण काढून. व्हर्नाने कर्नलचे आभार मानले, कारण तिला तसंच शिकवलं होतं, आणि घरी येऊन ड्रेससकट पलंगावर पडून राहिली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात रोझॅन दुकानात आली ती बसेचना.

"व्हर्ना, तुला सांगू की नको असं झालंय मला."

"सांग की. तुझ्या पोटात काय राहणार आहे?"

"काल बाहेरच्या राज्यातनं सरावाला तुकडी आली. त्यांना रस्ते कुठले माहीत! फाट्यावर पाटी बघितली, पूल आहे म्हणून जवळचा रस्ता धरला. चार ट्रक. आमचे हे म्हणाले, पाणी कमी होतं म्हणून निभावलं. आधी कसं, नवीन माणूस लांबच्या काँक्रीटच्या पुलावरून जायचा. आता सगळे तुझ्या... वेसच्या पाटीकडे वळतात."

व्हर्नाने तिला खुर्चीत बसवून गळ्याभोवती कपडा बांधला, सोडला, पुन्हा बांधला. मग कपडा तसाच टाकून आत जाऊन छावणीला फोन लावला. पाटी काढा म्हणाली. कर्नलने दिलगिरी व्यक्त केली. नाव कायद्याने दिलं आहे. कायद्याने दिलेलं नाव छावणीला काढता येत नाही. हवं तर खाली धोक्याची छोटी पाटी लावायला ते वर विचारतील.

तिने मॉरीनला फोन केला.

"पाटी काढायची तर यंदाच्या विधेयकात दुरुस्ती घालावी लागेल," मॉरीन म्हणाली. "पण व्हर्ना, शिपायाचं नाव काढा, अशी दुरुस्ती कोण मांडणार? मांडली तर तिच्यावर चर्चा होणार. साहेबांना निवडणूक आहे."

"मी आई आहे त्याची. मी सांगतेय ना, काढा."

"माहीत आहे हो मला."

"पूल द्यायला हो म्हणाले. पैसे द्यायला नाही म्हणाले. आता नाव काढायलाही नाही म्हणतात. मग मी करू तरी काय?"

उगाच गोड बोलून कोपराला गूळ लावायचा मॉरीनला आता कंटाळा आला होता. तिने फोन ठेवला नाही एवढंच. शेवटी व्हर्नानेच ठेवला.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळपासून डोंगराकडे आभाळ भरून आलं होतं. हार्लोत एक थेंब नव्हता. दुपारी दुकानात दोघी बायका केस सुकवत बसल्या होत्या आणि व्हर्ना खिडकीतून सारखी वर बघत होती. एकदम तिने यंत्र बंद केलं.

"घरी जा ग. पैसे राहू देत."

"अग, ओले आहेत केस!"

"वाळतील."

छावणीतला असला तरी ओढ्याकडचा रस्ता मासे धरणाऱ्यांसाठी कायम मोकळा असतो. व्हर्नाने आपली जुनी ब्यूक फाट्यावरून आत घातली, पाटीजवळ आणली आणि रस्त्यावर आडवी लावली. खाली पाणी चढलं होतं. तपकिरी, गढूळ, मध्ये कुणाचं तरी अख्खं झाड वाहत चाललेलं. तिने तिकडे एकदाच बघितलं आणि पाठ केली. ज्या पाण्याचं तोंड बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं, त्याच्याच काठावर ती येऊन उभी राहिली होती.

पहिला ट्रक आला तेव्हा तिने दोन्ही हात वर केले. चालवणारी मुलगीच होती, विशीतली, नाकावर ठिपके. तिने काच खाली केली.

"मॅडम, गाडी बंद पडली का? ढकलायला माणसं देऊ?"

"नाही. परत फिरा."

"आम्हाला पलीकडे जायचंय. पुलावरून."

"पूल नाहीये."

मुलीने व्हर्नाच्या डोक्यावरून वर बघितलं. ती हसली, म्हातारीला दुखवायचं नाही अशा बेताने. "पण मॅडम, पाटी आहे की."

"पाटी माझ्या मुलाची आहे," व्हर्ना म्हणाली. "पूल नाहीये."

मुलीचं हसणं मावळलं. तिने पाटीवरचं नाव वाचलं. मग मान लांब करून ब्यूकच्या पलीकडे, उतार जिथे पाण्यात जातो तिकडे बघितलं. शेजारचा शिपाई काही विचारत होता, त्याला तिने हातानेच गप्प केलं.

"मागे तीन गाड्या आहेत आमच्या," ती अगदी हळू म्हणाली. "रस्ता अरुंद आहे. मला मागचं नीट दिसत नाही."

"मी आहे ना," व्हर्ना म्हणाली. "मी सांगते तसं घे. सावकाश."

ती ट्रकच्या बाजूने चालत मागे गेली आणि हाताने दाखवू लागली. थोडं डावीकडे. अजून. आता सरळ. गाड्या एकेक करून चढावर मागे जात राहिल्या आणि व्हर्ना त्यांच्याबरोबर चालत राहिली. शेवटची वळल्यावर ती परत खाली आली आणि ब्यूकला टेकून फाट्याकडे तोंड करून उभी राहिली. तुकडीतल्या आणखी गाड्या यायच्या आहेत, असं त्या मुलीने जाता जाता सांगितलं होतं.