अर्धा फोटो

आपल्यापैकी बहुतेकांनी वर्तमानपत्रातला 'खुलासा' कधी नीट वाचलेला नसतो. बातमी येते पहिल्या पानावर. खुलासा येतो आतल्या पानावर, हवामानाच्या चौकटीखाली, हरवलेल्या गुणपत्रिकेच्या जाहिरातीशेजारी. बदनामी वाजतगाजत येते आणि माफी मागच्या दाराने निघून जाते. हे इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही येत नाही. यवतमाळच्या 'दैनिक पैनकाठ'मध्ये शहराचं पान पाहणाऱ्या मधुवंतीच्याही मनात त्या गुरुवारपर्यंत आलं नव्हतं.

कापसाने जिल्ह्याला जेरीस आणलेली ती वर्षं. शेतात पेरलेलं उगवेना आणि शहरात दुकानं चालेनात. नव्या शोरूमच्या जाहिराती आटल्या, ऑर्केस्ट्राचे खेळ रद्द होऊ लागले. शहराच्या पानावर सांगण्यासारखं हसतंखेळतं फार काही उरलं नव्हतं. त्यातच मे महिन्यात मधुवंतीचे वडील अनंतराव गेले. पंचवीस वर्षं ते पान त्यांचंच होतं. आता ती त्यांच्या खुर्चीवर बसायची, पण पाठ टेकायची नाही. दर दहा मिनिटांनी उठायची. पाणी प्यायची, खिडकीपाशी जायची, परत यायची. घरी आई, शुभदाताई, विचारायच्या, "जेवलीस का गं?" आणि ती "हो" म्हणायची, ताट तसंच झाकलेलं असताना.

जुलैतल्या एका सोमवारी कृषी विभागाचं पत्रक आलं. कळंब चौकातल्या 'रहेमान साउंड सर्व्हिस'च्या मागच्या खोलीतून कापसाच्या बोगस बियाण्याची पाकिटं जप्त केली होती. महागाव-फुलसावंगीकडे ज्या बियाण्याने दगा दिला, तेच हे.

"पहिल्या पानावर घेतो," संपादक अवधूत म्हणाले. "फोटो आहे का त्याचा?"

फोटो होता. 'पैनकाठ'च्या वर्धापनदिनी दरवर्षी गाण्याचा कार्यक्रम व्हायचा आणि लाउडस्पीकर असायचे रहेमानभाईंचे. मागच्या वर्षीच्या फोटोत ते स्पीकरला टेकून हसत होते. शेजारी अनंतराव, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. वडील गेल्यापासून मधुवंतीने त्यांचा एकही फोटो धड पाहिला नव्हता. हाही पाहवेना. तिने संगणकावर घाईघाईने चौकट ओढली, उजवी बाजू कापली आणि पान पुढे पाठवलं.

अनंतरावांचा एक नेम होता. ज्याचं नाव वाईट बातमीत छापायचं, त्याच्या दारात आधी जायचं. चहा घेतला तरी चालेल, शिव्या खाल्ल्या तरी चालतील, पण जायचं. रहेमानभाईंचं दुकान कचेरीपासून चालत दहा मिनिटांवर होतं. मधुवंती गेली नाही. रोज संध्याकाळी वडील तिथल्याच बाकावर बसायचे. तो रिकामा बाक बघण्याची तिची तयारी नव्हती.

मंगळवारी बातमी आली, 'साउंड सर्व्हिसच्या आड बोगस बियाण्याचा धंदा'.

गुरुवारी सकाळी रहेमानभाई कचेरीत आले. उंच, किडकिडीत माणूस, खिशाला टेस्टर लावलेला. आवाज चढवला नाही. खुर्चीवरही बसले नाहीत.

"मधूताई, ते खोली म्या भाड्यानं देल्ली होती. त्या व्यापाऱ्याची माणसं कंपनीच्या पाकिटात भलतंच बी भरून राह्यली होती. मले समजलं तसा मीच कृषी ऑफिसात गेलतो. मीच सांगतलं त्यायले."

"पत्रकात तर तसं नव्हतं," अवधूत म्हणाले.

"कसं राहीन साहेब? खबर देणाऱ्याचं नाव नाई छापत ते. म्या पण म्हटलं, नोका छापू, तो व्यापारी डूख धरन. आता पाहा, त्याचं नाव कोणाच्या तोंडात नाई, अन् माझा फोटो गावभर."

अवधूतांनी तिथल्या तिथे कृषी कार्यालयात फोन लावला. दोन मिनिटं ऐकलं, फोन ठेवला आणि चष्मा पुसला. "खरं आहे. ठीक आहे, खुलासा देऊ. शनिवारी, पान सहा."

"सहाव्या पानावर कोण वाचते?" रहेमानभाई म्हणाले. "शनिवारी सकाळी गणपतीवाल्या मंडळांची बैठक हाय. साउंड कोणाचा, ते ठरते तिथं. गणपती अन् दुर्गा, माझं वर्ष त्याच्यावर निघते. दोन मंडळवाले काल येऊन गेले. पेपर दाखवून म्हणे, शेतकऱ्याले बुडवणाऱ्याचा भोंगा आमच्या गणपतीपुढं नाई वाजणार."

"अहो, नियम आहे पेपरचा. खुलासा सहावर असतो."

"नियम हाय त राहू द्या," असं म्हणून ते जिना उतरून गेले.

त्यानंतर मधुवंतीला चैन पडेना. नाट्यगृहातल्या जादूच्या प्रयोगाची बातमी तिने तीनदा लिहिली आणि तीनदा पुसली. दुपारी चप्पल घातली आणि कळंब चौकाकडे निघाली. जे काम सोमवारी करायचं होतं, ते गुरुवारी करायला.

दुकान अर्ध्या शटरवर होतं. बाकावर रहेमानभाईंची आई, हजराबी, स्पीकरची जाळी पुसत बसल्या होत्या. सत्तरीच्या, डोक्यावर पांढरी ओढणी. त्यांनी मधुवंतीला निरखून पाहिलं.

"अनंतभाऊची पोरगी ना तू? ये, बस. रहेमान नाई, मंडळायच्या दारोदार फिरून राह्यला. चाय पिते?"

"चाची, मी माफी मागायला आले."

"मांग. पण कोणापाशी मांगतं? मी त घरातलीच हावो. मले ठाऊक हाय माझं पोरगं कसं हाय." त्यांनी जाळी बाजूला ठेवली. "माझ्या कानात माफी मांगून काय फायदा, पोरी? बदनामी का माझ्या कानात केली होती तुनं?"

मधुवंती बाकाजवळ सरकली.

"हे पाह्य." त्यांनी बाकाखालून मंगळवारचा पेपर काढला. घडी पडून पडून चुरगळलेला. "मले वाचता नाई येत. फोटो पाह्यता येते. हे माझ्या पोराच्या खांद्यावर काय हाय?"

मधुवंतीने पेपर उजेडात धरला. घाईत ओढलेल्या चौकटीत रहेमानभाईंच्या खांद्यावर चार बोटं राहून गेली होती. नुसती बोटं. एकावर चांदीची अंगठी.

"चौकात लोक म्हणून राह्यले, हे साथीदाराचे बोटं हाय, साथीदार फरार हाय. मी म्हटलं, बावा, हे अंगठी त मी वळखतो. पंधरा वर्सं याच बाकावर बसून चाय पेली या हातानं." हजराबींनी फोटोतल्या अंगठीवर बोट ठेवलं. "काहून तोडला गं तुनं तुया बापाले?"

"मला बघवत नव्हतं, चाची."

"हं." त्यांनी मान हलवली. "मलेही नाई पाह्यवत. रोज सहा वाजले का वाटते, आता येईन अन् म्हणन, हजराबी, साखर कमी टाका. पण पोरी, दुख तुयं, अन् शिक्षा माझ्या पोराले, हे कोणतं इन्साफ? तू इथं आली असती त दोन मिनिटाचं काम होतं. तुया बापाचा हात त्याच्या खांद्यावर दिसला असता, त कोणी एक बोल बोललं नसतं. तो हात गवाह होता त्याचा. तुनं गवाहच कापून टाकला."

मधुवंती बाकावर बसली. जिथे वडील बसायचे तिथेच. वाटली होती तेवढी ती जागा रिकामी नव्हती. तिथे ऊन होतं, स्पीकरच्या वायरचा वास होता आणि हजराबींनी पुढे केलेला चहा होता, साखर कमी असलेला. ती बऱ्याच वेळाने रडली, मे महिन्यापासून पहिल्यांदा. हजराबी जाळी पुसत राहिल्या.

शुक्रवारी तिने अवधूतांच्या टेबलावर तो फोटो ठेवला, अख्खा.

"पहिल्या पानावर, त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. उद्याच्या अंकात."

"मधू, वेडी झालीस का? पहिल्या पानावर आपली चूक? लोक हसतील. पेपरची इज्जत काय राहील?"

"आपली इज्जत पहिल्या पानावर आणि त्यांची सहाव्या, असं कसं काका? चूक जिथे छापली, ती तिथेच दुरुस्त व्हायला हवी. मंगळवारी ज्याने वाचलं, तो सहावं पान उघडणार नाही."

"उद्या प्रत्येक जण येईल, आमचंही पहिल्यावर घ्या म्हणत."

"म्हणून तर आपण छापायच्या आधी दारात जाऊ. बाबा जायचे तसे. आणि खाली माझं नाव टाका. चूक माझी आहे, पेपरची नाही."

अवधूत फोटोकडे बघत राहिले. अनंतरावांबरोबर त्यांचीही वीस वर्षं गेली होती. "आपलं दोघांचं टाक," ते शेवटी म्हणाले. "फोटो मीच मागितला होता, आणि 'जाऊन आलीस का' हे मी विचारलं नाही. पण रहेमानला विचार आधी, नाव उघड केलेलं चालेल का."

ती पुन्हा दहा मिनिटं चालत गेली. रहेमानभाई म्हणाले, "छापा. आता लपून कायले राहू?"

शनिवारी सकाळी मंडळांच्या बैठकीत 'पैनकाठ' हातोहात फिरला. पहिल्या पानावर दोन माणसं होती, एक हसणारा आणि एक त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला. वर ठळक अक्षरं, 'बोगस बियाणे पकडून देणारा माणूस हाच. आमची चूक झाली.'

सगळंच जागेवर आलं असं नाही. एका मंडळाने आधीच दुसऱ्याला शब्द दिला होता, तो फिरवला नाही. दुसऱ्या मंडळाचे अध्यक्ष किसनसिंग मात्र दुकानात आले आणि बाकावर बसता बसता म्हणाले, "रहेमानभाई, बुधवारी लय बोललो तुले. मोठा भोंगा आमच्याच मांडवात लाव, त्यावरून पहिली माफी मीच मांगतो." हजराबी ओढणीआड हसल्या. "भोंग्यावरून कायले," त्या म्हणाल्या, "चाय पेता पेता मांग ना."

त्या दिवशी मधुवंती वडिलांच्या खुर्चीत पाठ टेकून बसली. संध्याकाळी घरी गेली तेव्हा शुभदाताईंनी शनिवारचा पेपर देवघराशेजारी ठेवलेला दिसला. घडी न घालता, फोटो वर येईल असा.

वाचकहो, आपल्यापैकी सगळेच काही पेपर काढत नाहीत. पण चौकात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत आपण रोज कुणा ना कुणाची बातमी पहिल्या पानावर छापतोच. ती खोटी निघाली, तर निदान एवढं करू या. ज्या चौकात, ज्या आवाजात, ज्या लोकांसमोर ती सांगितली, तिथेच उभं राहून सांगू या, की माझं चुकलं. आणि कुणाचं नाव घेण्याआधी त्याच्या दारापर्यंत चालत जाऊ या. बहुतेकदा ते दहाच मिनिटांवर असतं.