हुंग्या म्हणाला, "सापडला"

इस्त्रीवाला कोणाच्या अध्यात ना मध्यात. कपड्यावर मुंगी दिसली तरी इस्त्री उचलून धरणारा माणूस. पण औषधांचं गोदाम त्यानेच फोडलं असं हुंग्याने सांगितलं आणि अख्ख्या शहराने मान डोलावली. हुंग्या म्हणजे पोलिसांचं चार पायांचं, वास घेणारं यंत्र. खरा चोर अंगाला वास दाबणारा लेप फासून आला होता. पळताना त्याचा कोट कुंपणाला अडकला आणि त्यावर एकच वास निघाला, इस्त्रीवाल्याचा.

"गिऱ्हाइकाचा कोट असेल हो!" त्याची बायको चौकीत जाऊन म्हणाली होती.

"हाताचा वास इस्त्रीच्या धगीत जळून जातो, वहिनी," इन्स्पेक्टरबाईंनी समजावलं. "तोंडात पाणी घेऊन कपड्यावर फवारलं, तरच माणसाचा वास आत मुरतो. तुमच्याकडे तसं करतात का?"

"शी! आमच्याकडे फवाऱ्याची बाटली आहे. मीच आणून दिलीय," ती ठसक्यात म्हणाली. तो ठसका तिला फार महागात पडणार होता.

कारण दोषी ठरलेल्याला कोरं करत. बोलणं-चालणं शाबूत, मागचं सगळं पुसलेलं. पलीकडच्या गल्लीतला एकजण असा घरी परतला आणि स्वतःच्या आईला म्हणाला, "आपण कोण?" हे ऐकल्यापासून तिला एकच प्रश्न पडला होता. हा माणूस आपल्याला विसरला, तर आपण जगायचं कशासाठी?

म्हणून तिने नवऱ्याला दुकानामागच्या बॉयलरच्या खोलीत लपवलं. वाफेत हुंग्याचं नाक चालत नसे. दुकान ती एकटीच चालवू लागली. कोनाड्यातली पाण्याची बाटली घेतली, तर तोंडाचं सील अजून तसंच. नवी आणली असेल बिचाऱ्याने, असं म्हणून तिने ते फोडलं.

दुपारी ती डबा घेऊन आत गेली की तो विचारी, "कॉलर नीट बसतेय ना गं?"

"जिवावर बेतलंय आणि तुम्हाला कॉलरी सुचतायत!" ती रागावे, आणि त्याला घट्ट धरून बसे.

एका दुपारी इन्स्पेक्टरबाई हुंग्याला घेऊन दुकानात आल्या. हुंग्याने इस्त्री केलेल्या कपड्यांच्या एका गठ्ठ्यावर पाय ठेवला. "सापडला." दुसऱ्या गठ्ठ्यावर, "सापडला." मधले दोन तो गुपचूप ओलांडून गेला. मग वळला, बाईंच्या खांद्यापर्यंत उंच झाला आणि त्यांच्या गणवेशाची कॉलर हुंगून म्हणाला, "सापडला."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. गणवेश याच दुकानातून महिन्यापूर्वी इस्त्री होऊन गेला होता.

ती मात्र गठ्ठ्यांकडे बघत होती. हुंग्या गप्प राहिला ते दोन्ही तिने इस्त्री केलेले, ओरडला ते सगळे नवऱ्याने लपण्याआधी केलेले. आणि मग तिला ते सील आठवलं. बाटली नवी नव्हतीच! तिनेच कधीकाळी आणून दिलेली होती ती.

आता हाक मारायची, म्हणजे आपल्या हाताने त्याला पकडून द्यायचं. आणि बाईंना नाही पटलं तर? तरीही तिने बॉयलरच्या खोलीचं दार उघडलं.

"अहो, बाहेर या! खरं सांगा, पाणी कशाने मारता?"

घामाने निथळत तो बाहेर आला. हुंग्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, बायकोकडेच पाहिलं, आणि मान खाली घातली. "तोंडाने. बाटलीने कडक होत नाहीत गं. तू रागावशील म्हणून बोललो नाही."

बाईंनी कोरा रुमाल पुढे केला. त्याने पाण्याचा घोट घेतला, फुर्र केलं, इस्त्री फिरवली. हुंग्या म्हणाला, "सापडला."

बाईंनी बराच वेळ स्वतःची कॉलर चाचपली. "म्हणजे अर्ध्या शहराच्या अंगावर तुम्हीच आहात," त्या म्हणाल्या. "चोर तुमचं गिऱ्हाईक होता, एवढाच त्या कोटाचा अर्थ. मी आत्ताच तसं कळवते. तुमचा शोध थांबला."

ती मटकन खाली बसली. हसू आणि रडू एकदमच आलं. "इतकी वर्षं खोटं! विसरला असतात मला, तर भांडले कोणाशी असते मी?"

"भांड की आता," तो म्हणाला.

जाता जाता हुंग्या तिच्यापाशी थबकला. तिच्या अंगावरचे कपडे तिनेच धुतलेले, तिनेच बाटलीने पाणी मारून इस्त्री केलेले. त्याने तिचा खांदा हुंगला आणि पाय उचलला. "सापडला."

बाई नको तेवढं हसल्या. ती लाजून लाल झाली, पण मागे सरली नाही.

"हा वास माझाच आहे," ती म्हणाली. "हा नाही मिळायचा."