चिकटपट्टी

“माझी पक्कड कुणी हलवली?” मिस्त्रींनी विचारलं. धाकट्या भावाने मान वर न करता सांगितलं, की मीच घेतली दादा, कालच बोललो होतो.

बोलला असेल. पण मिस्त्रींचा स्वभावच असा, की सख्ख्या भावाने पाणी दिलं तरी आधी पेल्यात डोकावणार. दोघे एका घरात राहत, एकाच प्रयोगशाळेत आरसे बसवत, एकच हत्यारपेटी वापरत. काय कुणाचं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण यंदा हेड मेकॅनिकची एकच जागा निघाली आणि मिस्त्रींच्या डोक्यात किडा वळवळला. त्यांनी आपल्या हत्यारांवर लाल ठिपके दिले.

त्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमचा प्रयोग अडला. एक नळी मिस्त्रींच्या बाजूची, एक धाकट्याच्या; दोन्हींतून प्रकाशाचा एकेक कण यायचा, मधल्या, अर्धा प्रकाश आरपार सोडणाऱ्या आरशावर दोघे भेटायचे आणि जोडीनं एकाच दाराने बाहेर पडायचे. आता ते वाट्टेल तसे पांगत होते. धाकट्याचा हात हल्ली जागेवर नसतो, असं मिस्त्रींनी हळूच सुचवलं. मॅडमनी धाकट्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तो गप्प राहिला, तेव्हा तर मिस्त्रींची खात्रीच पटली.

शेवटी मॅडमनी स्वतः टेबल तपासलं. मिस्त्रींच्या बाजूच्या नळीच्या तोंडावर पारदर्शक चिकटपट्टी होती. धाकट्याने आत हात घातला तर पट्टी सुटेल आणि तो पकडला जाईल, म्हणून मिस्त्रींनीच लावलेली. आरपार दिसतंय, प्रकाशाला काय होतंय, असा त्यांचा हिशेब.

“अहो, यातून येणारा कण किंचित मागे पडतो, म्हणून वेगळा ओळखू येतो,” मॅडम म्हणाल्या. “दोघांत काहीच फरक नसला, तरच ते एकमेकांत गुंततात. मग एकाचं पुढे काय झालं, ते दुसऱ्याला सोडून सांगताच येत नाही. तुम्ही खूण केलीत, जोडी मोडली.” मग धाकट्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुला दिसली नव्हती?”

“दिसली होती. दादाने लावलीय म्हणजे काहीतरी कारण असेल, म्हणून हात नाही लावला.”

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पट्टी निघाली, कण पुन्हा जोडीनं जाऊ लागले. धाकट्याने मात्र दुसरी नोकरी धरली, वेगळी खोली घेतली. भांडला नाही. पेटीतलं काही नेलंही नाही.

मिस्त्रींनी थिनर घेऊन सगळे ठिपके पुसले. दोन सारख्या पकडी हातात उरल्या. यातली त्याची त्याला द्यावी, असं त्यांच्या मनात आलं. पण कुठली त्याची, ते आता कळत नव्हतं, आणि विचारायला समोर कुणी नव्हतं.